उजेडाकडे तोंड करून बस

४ जानेवारी

मैने,

तुझा आवाज पोचला. म्हणजे फोनपर्यंत पोचला, माझ्यापर्यंत नाही. वरच्या मजल्यावरच्या सिस्टर ड्यूटीवरून आल्यावर त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी जिन्यातच उभं राहून सगळं ऐकलं आणि औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिलं : "मुलगी ठीक. नोकरी चालू. सर्दी होती, आता नाही. आईवर राग आहे, पण पूर्वीपेक्षा कमी."

मी म्हटलं, "अहो सिस्टर, ती एवढा वेळ बोलत होती. तुम्ही मध्ये हसलात, मग डोळे पुसलेत. आणि लिहिलंत एवढंच?"

तर म्हणाल्या, "मावशी, मुद्द्याचं तेवढंच होतं. बाकी नुसतं रडणं."

ते बाकीचंच मला हवं होतं. पण त्यांना काय बोलणार? उभ्या उभ्या पेंगत होत्या बिचाऱ्या.

म्हणून सांगते, बोलून पाठवू नकोस. लिहून पाठव. दोन ओळी पाठव, वाकड्या असल्या तरी चालतील. मी मागे लागले तेव्हा सिस्टरांनी तुझं आणखी एक म्हणणं दुसऱ्या चिठ्ठीवर टिपून दिलं, की तू दिवसभर ऑफिसात तक्रारींना उत्तरंच लिहितेस, 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत' असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि एकदाही दिलगीर नसतेस. त्यामुळे लिहिलेल्या अक्षरावर तुझा विश्वास उरलेला नाही. हे मला समजतं. पण मला आता कानाने काहीच मिळत नाही गं. लेथ कारखान्याचा भोंगासुद्धा मी खिडकीच्या काचेला बोट लावून ओळखते.

लिहायचंच नसेल तर एकदा ये. एक दुपार पुरे. खिडकीपाशी उजेडाकडे तोंड करून बस आणि काय बोलायचं ते सगळं बोल. ओठ दिसले की मला ऐकू येतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. मी मध्ये बोलणार नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. थेंब दिलेत. वयाने होतं म्हणाले. उन्हाळ्याच्या आधी आलीस तर बरं.

आई


२९ जानेवारी

मैने,

या वेळी सिस्टरांना बजावून सांगितलं की गाळू नका. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण लिहिलं. तू म्हणालीस, "ही पत्रं कोण लिहितंय? ही माझी आई नाही. माझी आई तीन शब्दांच्या वर बोलत नाही, आणि तेही ओरडून."

मीच लिहिते. वाचनालयातल्या बाई हवं तर साक्ष देतील. त्या मला 'कपाट संपवणाऱ्या' म्हणतात, कारण मी डावीकडून सुरुवात करते आणि उजवीकडे पोचेपर्यंत थांबत नाही. तुझे बाबा गेल्यावर मी तिथे पहिल्यांदा गेले ती बसायला बाक आहे म्हणून. आत शांत राहा अशी पाटी होती. मला हसू आलं. माझ्यासाठी सगळं जगच शांत होतं. मग हाताला पुस्तक लागलं. चौथीपर्यंतची माझी अक्षरओळख. जोडाक्षराला ठेच लागायची, एका पानाला दुपार जायची. हळूहळू पाय बसला.

तीन शब्दांचं म्हणशील तर तेही खरं. मागाच्या शेडमध्ये लागले तेव्हा मी पोर होते. एका छपराखाली शंभरावर यंत्रमाग एकदम चालायचे. धाग्याची कांडी घेतलेला धोटा इकडून तिकडे आपटायचा, कानाशी तोंड नेलं तरी शब्द मिळायचा नाही. म्हणून तिथे सगळे ओठांनी बोलायचे. आवाज काढायचाच नाही, ओठ मोठे हलवायचे, समोरच्याने बघायचं. आम्ही त्याला मुकं बोलणं म्हणायचो. तुझे बाबा माग दुरुस्त करणारे जॉबर. शेडच्या त्या टोकाला उभं राहून त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं ते ओठांनी, "तुझ्या मागाचा पट्टा सैल आहे का माझंच डोकं?" अख्ख्या रांगेने वाचलं. बायका हसून लोळल्या.

लग्न झालं, तू झालीस, आणि आम्ही घरातही तसंच बोलत राहिलो. सवय. शिवाय तोवर दोघांचे कान गेलेच होते. तू मधे बसलेली असायचीस आणि आम्ही तुझ्या डोक्यावरून ओठ हलवायचो. तुझ्याशी बोलायचं तर आवाज काढायला लागायचा, आणि आवाज किती मोठा झाला हे आम्हांला कळायचं नाही. म्हणून ओरडणं. "जेव." "झोप." "दार लाव." ओरडून एवढंच सांगता येतं. कोणी ओरडून माया करू शकत नाही गं. करून बघ.

तू एकदा म्हणाली होतीस, "तुमच्या घरात मी भाडेकरू होते." ते मी तुझ्या ओठांवरून वाचलं. तू म्हणाली होतीस हळू, मला ऐकू जाऊ नये म्हणून. अजून रोज वाचते.

तर ही पत्रं लिहिणारी बाई तुझ्या ओळखीची नाही, कबूल. माझ्याही फार ओळखीची नव्हती. कागदावर आवाज लहान-मोठा करता येतो एवढं कळल्यावर ती बाहेर आली. तू तिला खोटी म्हणतेस. मला वाटतं ओरडणारी खोटी होती. कोण खरी ते आपण समोरासमोर बसून ठरवू. ये.

आई


१७ फेब्रुवारी

मैने,

तू मुद्द्यावर आलीस ते बरं केलंस. सिस्टरांनी या वेळी तुझा प्रश्न अधोरेखित करून दिला, त्यांच्या तापाच्या तक्त्यात करतात तसा. "बाबा शेवटी काय म्हणाले?"

तेव्हा दवाखान्यात मी तुला सांगितलं, पाणी मागितलं. तू म्हणालीस, "तासभर ओठ हलत होते दोघांचे. तासभर पाणी मागतात?" आणि त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस ती या वर्षीच्या सर्दीपर्यंत.

तर ऐक. ते मागाबद्दल बोलत होते. खिडकीकडच्या रांगेतल्या एका मागाबद्दल. तो नेहमी उजव्या कडेला धागा सोडायचा. त्याच्या एका दांड्याला कुणीतरी चुकीचा खिळा बसवला होता, ते आता त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि ते मला परत परत सांगत होते की सकाळच्या पाळीच्या जॉबरला निरोप दे. शेड बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी म्हणत होते, देते, देते. मग पाणी मागितलं. मग काही नाही.

तुझं नाव घेतलं नाही. माझंही नाही. मी इतकी पुस्तकं वाचली आहेत की अशा वेळी माणसाने काय बोलायला हवं ते मला आता ठाऊक आहे. पुस्तकात असते तर त्यांनी तुला जवळ बोलावलं असतं. मी ते लिहू शकले असते. पहिल्या मसुद्यात लिहिलंही, चांगलं उतरलं होतं, वाचून मीच रडले. मग फाडलं. तू म्हणतेस लिहिलेलं खोटं असतं. निदान या पत्रात तरी ते खोटं नसावं.

तुला बोलण्यातून वगळलं नव्हतं गं. तिथे वगळण्यासारखं काही नव्हतंच. आम्ही आयुष्यभर मागाचं, भाजीचं, गळणाऱ्या नळाचं बोलत होतो. बाहेरून बघणाऱ्याला ते गुपित वाटायचं.

डोळ्यांचं विचारलंस. थेंब घालते आहे. भिंगाने वाचता येतं. सिस्टरांना जरा बाजूला उभं राहून बोला म्हणते, तसं बरं दिसतं. त्या म्हणतात, "मावशी, मी काय फोटो काढायला उभी आहे का?"

जमलं तर मार्चमध्ये ये.

आई


८ मार्च

मैने,

शनिवारी येतेस! सिस्टर चिठ्ठी लिहीपर्यंत थांबल्या नाहीत, जिन्यातूनच दोन्ही हातांनी खुणा करत खाली आल्या. मला वाटलं कुठे आग लागली.

टेबल भिंतीला सरकवलं. तुझी खुर्ची खिडकीसमोर, माझी खिडकीला पाठ करून. पडदा काढून धुवायला टाकला, तो आता लावणारच नाही. सिस्टर म्हणाल्या, "मुलगी येते आहे का तिची तपासणी आहे?" मी म्हटलं, तपासणी माझी आहे.

काय काय विचारायचं ते ठरवते आणि खोडते. विचारायचं नाही, फक्त ऐकायचं, असं ठरवलं आहे.

आई


१५ मार्च

मैने,

तू काल गेलीस. तुला जाताना इतकं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं. गाडीत बसताना तू वळून हात केलास, ते मला दिसलं. हात दिसतात. खांदे दिसतात. म्हणून हे पत्र लगेच लिहायला बसले आहे, कारण एक गोष्ट तुला सांगायची राहिली आणि ती सांगितल्याशिवाय कालची दुपार खरी होणार नाही.

सुरुवातीचं सगळं मला कळलं. तू दारातच म्हणालीस, "किती वाळलीस गं!" सिस्टर म्हणाल्या, "मी आहे ना, काही अडलं तर सांगते." तू म्हणालीस, "नको सिस्टर, आम्ही दोघीच बसतो." तेव्हा मला बरं वाटलं. त्या गेल्या तशा आपण चहा घेतला. तू ऑफिसचं सांगितलंस, एक माणूस गेलं वर्षभर एकाच पंख्याची तक्रार लिहितोय आणि तू आता त्याचं अक्षर ओळखतेस. मी हसले ते समजून हसले.

मग तू बोलायला लागलीस. उजेडाकडे तोंड होतं, मी सांगितलं तशीच बसली होतीस. आणि मग तुझा हात वर आला.

तुला कळलं का तू काय करत होतीस? तू शाळेत असताना नळावर मैत्रिणीशी बोलायचीस आणि मी गच्चीवरून तुमचं बोलणं वाचून घरी आल्यावर ओरडायची. तेव्हापासून तू तोंडावर हात ठेवून बोलायला लागलीस. पोरी तुला दातदुखी म्हणायच्या. मला वाटलं होतं ती सवय कधीच गेली असेल. काल तू रडायला लागलीस तशी बोटं ओठांवर आली, आणि तू बोलत राहिलीस, बोलत राहिलीस.

मी म्हणायला हवं होतं, हात काढ. म्हटलं नाही. कारण हात काढूनही फारसा उपयोग नव्हता.

थेंब-बिंब काही नाही. डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं की डोळ्याचा मधला भाग गेला आहे आणि तो परत येत नाही. जिथे बघावं तिथेच धुकं. कडेचं दिसतं. तुझं कानातलं मला दिसत होतं, केस दिसत होते, मांडीवरचा रुमाल दिसत होता. तुझ्या तोंडाकडे बघितलं की तोंड नाहीसं व्हायचं. म्हणून मी तुझ्या कानाकडे बघत होते, कडेने ओठ पकडायला. एरवी एखाददुसरा शब्द मिळतो, बाकीचं अंदाजाने जोडते, चहापर्यंतचं तसंच जुळवलं होतं. ओठांवर हात आला तेव्हा तो शब्दही गेला.

तुला हे कळवलं नाही कारण तू दयेने आली असतीस. दयेने आलेलं माणूस मनातलं बोलत नाही, बरं बरं बोलतं. मला तुझं खरं ऐकायचं होतं. तू खरं बोललीस, तेवढं मला खांद्यांवरून दिसलं. काय बोललीस ते मला माहीत नाही.

तरी मी मान हलवत होते. शेडमध्ये मुकादम येऊन काहीतरी सांगायचा, त्याला मुकं बोलणं जमायचं नाही, मिशीच मध्ये यायची. मग आम्ही सगळ्या मान हलवायचो. हो म्हणजे हो नव्हे, तुम्ही बोलताय ते दिसतंय, एवढंच. तो समाधानाने जायचा. कान गेलेल्या माणसाची मान आपोआप हलते गं. काल तू थांबून थांबून माझ्याकडे बघायचीस आणि मी हलवायची. शेवटी तू काहीतरी विचारलंस. विचारलंस हे भुवयांवरून कळलं. मी मान हलवली. तू परत विचारलंस. मी परत हलवली, जरा जास्त, तुला धीर यावा म्हणून.

मग तू उठून मला मिठी मारलीस. किती वर्षांनी.

त्या मिठीची मला लाज वाटते आहे. मी काय कबूल केलं ते मला सांग. पुन्हा सांगायचा कंटाळा येईल, तरी सांग. हवं तर बोलून पाठव, सिस्टरांना शपथ घालून सगळं लिहून घेते.

आई


२ एप्रिल

मैने,

तुझा निरोप आला. तू माझं पत्र वाचलंस का ते त्यातून कळत नाही. बहुधा पाकीट फोडलं नसशील. सिस्टरांनी ऐकून फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मावशी, हे मी मुद्द्याचं तेवढंच लिहिते." मी म्हटलं, नाही. तेव्हा त्यांनी जाड पेनाने, मोठ्या अक्षरात, शब्दाला शब्द लिहिलं. भिंग धरून तिरकं बघत मी ते वाचलं.

"आई, मी तुला विचारलं होतं की आता हे सगळं इथेच थांबवलं, पत्रं, निरोप, येणंजाणं, तर तुला चालेल का. तू हो म्हणालीस. मी पुन्हा विचारलं, तू पुन्हा हो म्हणालीस. मला राग आला नाही. हलकं वाटलं. इतक्या वर्षांत तू मला पहिल्यांदा सरळ उत्तर दिलंस, न ओरडता, आणि कागदावर न सजवता. तेवढं मला पुरलं. आता कृपा करून परत पत्रात काही लिहू नकोस. तुझ्या पत्रांपेक्षा मला तुझी मान खरी वाटते."

सिस्टर रडत होत्या. मला म्हणाल्या, "बोला. आत्ता बोला. तिला बोललेलंच पटतं ना, मग तोंडाने सांगा. मी फोन धरते."

काय बोलायचं ते मी आधी लिहून काढलं. मग कागद हातात घेतला तर माझं अक्षर मलाच लागेना. सिस्टर म्हणाल्या, "कागद कशाला? आतून येईल ते बोला." त्यांनी फोन तोंडापुढे धरला, अंगठा दाबला आणि मान डोलावली. मी तोंड उघडलं.

किती मोठ्याने बोलले माहीत नाही. सिस्टर मागे सरकल्या, म्हणजे ओरडलेच असणार. काय बोलले ते त्यांनी नंतर लिहून दिलं : "मैने. आई बोलते. जेवलीस का? इकडे सगळं बरं आहे. काळजी करू नको. ठेवते."

"अहो, ते सांगा ना!" सिस्टर म्हणाल्या. तोवर त्यांचा अंगठा सुटला होता आणि निरोप गेला होता. तू तो ऐकलास, तशी खूण फोनवर आली. पुढे काही आलं नाही. सिस्टर म्हणाल्या परत करू. आम्ही केलं. परत तेच निघालं, फक्त 'जेवलीस का' आधी आलं. तो त्यांनी पाठवला नाही.

पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या तोंडाला हे एवढंच येत होतं, आणि आता नवीन शिकायला कान लागतात. हाताला बरंच काही येतं. पण हाताचं तू ऐकत नाहीस, आणि हातालाही आता ओळ सापडत नाही. हे पत्र मी पट्टी ठेवून लिहिते आहे. एखादी ओळ दुसरीवर चढली असेल तर तू समजून घे, किंवा घेऊ नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. चालणार नाही. तू रागाने आलेली मला चालेल, भांडायला आलेली चालेल, येऊन तोंडावर हात ठेवून माझ्याशेजारी नुसती बसलेली चालेल. येऊ नकोस हे चालणार नाही. त्या दुपारी प्रश्न कळला असता तर माझी मान जागची हलली नसती.

हे सगळं तू वाचशील, वाचलंस तर, आणि म्हणशील, आईने छान लिहिलंय.

आई